फोनवरचा डॉक्टर आणि आपली तयारी

आरोग्य पान



आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त पसरलेला आजार कोणता, असे विचारले तर कोणी बीपी म्हणेल, कोणी शुगर म्हणेल. मला वाटते, त्याचे नाव आहे ‘गोळी संपली’. केडगावातल्या कुठल्याही गल्लीत चार घरे फिरून पाहा. गोळी संपून आठ दिवस झालेले एक तरी माणूस भेटतेच. औषध आणायला सिव्हिलला जायचे म्हणजे सकाळी लवकर निघायचे, रिक्षाचे भाडे द्यायचे, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, मग डॉक्टरांची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग. एवढे करून घरी येईतो दुपार होते. बिगारीवर, धुणीभांड्यावर किंवा एमआयडीसीत रोजावर जाणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मग तो म्हणतो, ‘आता तर बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात बघू.’

इथेच घात होतो. बीपी वाढले तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळी चालू असते म्हणून बीपी ताब्यात असते. गोळी बंद केली की ते पुन्हा चढते, आणि एके दिवशी माणूस लकवा मारून पडतो. एका दिवसाचा रोज वाचवायला गेलेल्या घराचा कमावता हातच जातो.

म्हणून या महिन्याच्या पानावर आपण घरी बसून फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सरकारी सोय समजून घेऊ. ती कशी वापरायची, हे तर पाहूच. पण त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत : फोन लावण्याआधी आपण काय तयारी करायची, आणि फोनच्या नादी न लागता थेट दवाखाना कधी गाठायचा.

ई-संजीवनी म्हणजे काय?

केंद्र सरकारच्या या सेवेचे नाव ‘ई-संजीवनी’. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती तयार केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला. गावातल्या आरोग्य केंद्रात रुग्ण येतो, तिथला आरोग्य अधिकारी त्याला समोर बसवून संगणकावरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलणे करून देतो, अशी ती रीत. पुढे कोरोनाची टाळेबंदी आली, दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण खिडक्या बंद पडल्या. तेव्हा १३ एप्रिल २०२० रोजी दुसरा भाग सुरू झाला. त्यात रुग्ण स्वतःच्या घरातून, स्वतःच्या मोबाइलवरून थेट डॉक्टरांशी बोलू शकतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून देशात १० कोटी सल्ले दिले गेले होते. सेवा पूर्ण मोफत आहे.

म्हणजे आपल्यापुढे दोन वाटा आहेत. घरात स्मार्टफोन असेल आणि तो चालवणारे कोणी असेल, तर घरूनच बोलता येते. ते जमत नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा ‘आपला दवाखाना’मध्ये जाऊन विचारायचे, ‘इथून तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलणं करून देता का?’ राज्यात १ मे २०२३ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत अशा सल्ल्याची सोय धरलेली आहे आणि त्याची वेळही दुपारी २ ते रात्री १० अशी, कामावरून परतणाऱ्या माणसाला सोयीची ठेवलेली आहे. आपल्या जवळच्या केंद्राची वेळ आणि तिथली सोय एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावी. आशाताईंनाही विचारावे.

फोन कधी, १०८ कधी?

हा धड्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. घरातल्या लहान-थोरांना वाचून दाखवा.

फोनवरचा सल्ला पुढील गोष्टींना उपयोगी पडतो : चालू असलेल्या बीपी-शुगरच्या औषधांची पुढची चिठ्ठी, तपासणीचा रिपोर्ट समजून घेणे, साधा सर्दी-खोकला, दोन दिवसांचा ताप, अंगावरची खाज किंवा पुरळ, पित्त, सांधेदुखी, पाळीच्या तक्रारी, आणि ‘हे दाखवायला जावं की नको, आणि कोणत्या डॉक्टरला’ हा प्रश्न.

पण खालीलपैकी काहीही दिसले, तर फोनवर डॉक्टर शोधत बसू नका. १०८ लावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा.

१. छातीत दाबल्यासारखे दुखणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम येणे.

२. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणे, बोबडे बोलणे. हा लकवा असतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

३. धाप लागून एक वाक्यही पुरे बोलता न येणे.

४. बेशुद्ध पडणे, आकडी येणे, अचानक बरळायला लागणे.

५. गरोदर बाईला रक्तस्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे.

६. लहान मूल अंगावर पीत नाही, सुस्त पडले आहे, प्रत्येक वेळी ओकते आहे, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात आहेत.

७. साप चावणे, विषारी औषध पोटात जाणे, भाजणे, डोक्याला मार लागणे. साप चावल्यावर बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक यातले काहीही करू नका. चावलेला हात-पाय हलू न देता रुग्णाला दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचे इंजेक्शन तिथेच मिळते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तोही फोनवर मिटवायचा नाही. थुंकीची तपासणी करून टीबी आहे का, हे पाहावेच लागते. ती तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तसेच बाईच्या छातीत गाठ, तोंडातला बरा न होणारा फोड (विशेषतः तंबाखू-मिश्री असेल तर), पाळी गेल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव यांना हात लावून, डोळ्यांनी पाहून तपासावे लागते.

डॉक्टरांचे हात आपण व्हायचे

दवाखान्यात डॉक्टर नाडी धरतात, पोट दाबून पाहतात, छातीला नळी लावतात. फोनवर त्यांना यातले काही करता येत नाही. त्यांना कळते ते फक्त आपण सांगू तेवढेच. म्हणून आकडे आपण जवळ ठेवायचे.

*बीपी :* मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, बिडी नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलू नये. दोनदा मोजावे, मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत, आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या वर वारंवार येत असेल तर सल्ला घ्यावा. १८०/१२० च्या वर जाऊन सोबत डोकेदुखी, छातीत दुखणे, धाप किंवा धूसर दिसणे असेल, तर थेट दवाखाना.

*साखर :* उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची, असे वेगवेगळे लिहावे. साखर ७० च्या खाली गेली किंवा शुगरच्या माणसाला एकदम घाम, थरथर, भुकेची कळ आली, तर फोनच्या आधी साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये.

*ताप :* ‘अंग तापलंय’ एवढे पुरत नाही. थर्मामीटर लावून आकडा आणि वेळ लिहावी.

*मुलाचा श्वास :* याला यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. मूल शांत असताना, झोपलेले असेल तर उत्तम, त्याचा सदरा वर करून पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. लगेच दवाखान्यात न्यावे.

*ऑक्सिजन :* कोरोनात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र अनेक घरांत पडून आहे. बोट गरम असावे, नेलपॉलिश नसावी. आकडा ९४ च्या खाली असेल तर सल्ला घ्यावा, ९० च्या खाली असेल तर दवाखाना. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. म्हणून आकडा चांगला आहे पण माणसाला धाप लागते आहे, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.

*जुलाब :* फोन लागेपर्यंत थांबू नये. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहावे. दिवसातून लघवी किती वेळा झाली, तेही मोजावे. डॉक्टर ते विचारतातच.

*गोळ्या :* दुकानदार पाच गोळ्या कापून देतो आणि नेमके नाव छापलेले टोक त्याच्याकडेच राहते. त्याला आधीच सांगा, ‘नाव असलेली बाजू आम्हाला द्या.’ नाहीतर पूर्ण पाकिटाचा दुकानातच फोटो काढा. ‘सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी’ यावरून कोणताच डॉक्टर औषध लिहू शकत नाही. लिहिले तर ते धोक्याचे आहे.

ही विद्या आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असे कोणी मनात आणू नये. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. त्यातल्या अनेकजणी दलित होत्या, अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्या बाया बाळंतपण करायला, लेकरांची वजने घ्यायला, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांना गावाने घरात बोलावले. आज जगभरातले लोक ते काम पाहायला जामखेडला येतात. तेव्हाच्या बायांजवळ मोबाइल नव्हता. आपल्याजवळ तो आहे.

एकच त्रास, दोन फोन

समजा, आपल्या वस्तीतल्या एका मावशींना चक्कर येते आहे. त्या फोन लावतात.

डॉक्टर : नमस्कार मावशी. काय त्रास होतोय?
मावशी : काय सांगू डॉक्टर, अंगात त्राणच राहिलं नाही. गरगरतंय.
डॉक्टर : किती दिवस झाले?
मावशी : लई दिवस झालं की.
डॉक्टर : काही गोळ्या चालू आहेत का?
मावशी : हायेत ना. एक बीपीची, एक शुगरची.
डॉक्टर : नावं सांगता का?
मावशी : नाव कुठं ठाऊक? सिव्हिलमधून आणल्यात. पांढऱ्या हायेत.
डॉक्टर : मावशी, जवळच्या दवाखान्यात जाऊन दाखवा.

डॉक्टरांचे चुकले नाही, मावशींचेही नाही. पण फोन वाया गेला. आता त्याच मावशी, शेजारी नात वही घेऊन बसली आहे.

मावशी : नमस्कार डॉक्टर. वय अठ्ठावन्न. बीपी सहा वर्षांपासून, शुगर तीन वर्षांपासून. आठ दिवस झाले चक्कर येती. उठून उभं राहिलं की जास्त.
डॉक्टर : पडलात का कुठं? छातीत दुखणं, हाताला मुंग्या, बोलायला जड?
मावशी : तसलं काही नाही.
डॉक्टर : बीपी मोजलंत?
नात : बसून ११८/७४, उभं राहिल्यावर ९६/६०. काल सकाळी. साखर उपाशीपोटी १०४. गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यापुढे धरते, डॉक्टर.
डॉक्टर : वा, छान केलंत. ही तिसरी गोळी कधीपासून?
मावशी : ती व्हय, ती शेजारच्या बाईनं दिली. तिलाबी बीपी हाय ना.

चक्कर कुठून येत असावी, याचा धागा एका मिनिटात सापडला. शेजारणीची गोळी बंद झाली, रक्ताची तपासणी लिहून मिळाली, चार दिवसांनी पुन्हा आकडे कळवायचे ठरले. एकमेकांना गोळ्या देणे हा आपल्याकडे शेजारधर्म समजला जातो. भाकरी द्या, मीठ द्या, गोळी देऊ नका.

फोन लावायचा कसा?

१. मोबाइलवर ‘ई-संजीवनी’चे सरकारी अॅप घ्या किंवा संकेतस्थळ उघडा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. ते पाहून खात्री करा.

२. मोबाइल नंबर घातला की ओटीपी येतो. तो आपणच अॅपमध्ये टाकायचा.

३. रुग्णाचे नाव, वय, पत्ता, त्रास भरा. जुनी चिठ्ठी, रिपोर्ट यांचे फोटो जोडता येतात. फोटो उजेडात, सरळ, अक्षर वाचता येईल असा काढा.

४. राज्य आणि कोणती ओपीडी ते निवडा. आधी सर्वसाधारण ओपीडी घ्यावी. प्रत्येक ओपीडीची वेळ वेगळी असते, ती तिथेच दिसते.

५. टोकन मिळून रांग लागते. आपला नंबर आला की व्हिडिओवर डॉक्टर दिसतात. या वेळात फोन खिशात टाकून पाण्याला जाऊ नका. नंबर निघून जातो.

६. बोलणे झाल्यावर चिठ्ठी मोबाइलवर येते. ती उतरवून ठेवा, त्यावर डॉक्टरांचे नाव असते.

बसायची जागा अशी निवडा की उजेड तोंडावर पडेल, पाठीमागून नाही. कावीळ किंवा अंगात रक्त कमी असल्याचे आपल्या सावळ्या रंगावर चटकन दिसत नाही. म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग, जीभ आणि तळहात कॅमेऱ्याला दाखवा.

आणखी एक. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. सुनेला अंगावरून जाते आहे, मुलीची पाळी चुकली आहे, हे ती सासऱ्यासमोर कशी बोलणार? फोन लावून द्या आणि दार लोटून बाहेर जा. ती दहा मिनिटे तिची आहेत.

आपले हक्क

फोनवरच्या वैद्यकीय सल्ल्याचे नियम केंद्राने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केले. ते सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहेत. त्यांतले आपल्याला उपयोगी मुद्दे असे :

डॉक्टरांनी आपले नाव सांगायचे असते आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘साहेब, आपलं नाव काय?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पहिल्यांदाच बोलत असाल तर व्हिडिओवर बोला. नुसत्या आवाजावर फारच थोडी औषधे लिहून देता येतात. नशा किंवा सवय लावणारी काही औषधे फोनवरून लिहून देण्यास मनाई आहे, तेव्हा झोपेच्या गोळीसाठी हट्ट धरू नका. लहान मुलासाठी बोलताना मोठे माणूस सोबत असलेच पाहिजे. आपली माहिती, आपले फोटो डॉक्टरांनी आपल्या परवानगीशिवाय कोणाला देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर तसे सांगणे, हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. डॉक्टर ‘दवाखान्यात या’ म्हणाले, तर ते टाळत आहेत असे समजू नये. तो सल्लाच असतो.

फसवणुकीपासून सावध

ई-संजीवनीला पैसे लागत नाहीत. ‘नोंदणीचे फक्त १० रुपये भरा’ असे सांगून कोणी लिंक पाठवली, तर ती दाबू नका. दवाखान्याचा नंबर इंटरनेटवर शोधून मिळेल तो लावू नका. खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात. अॅपमध्ये आपण ओटीपी टाकणे वेगळे आणि फोन करणाऱ्याला ओटीपी सांगणे वेगळे. दुसरे कधीच करायचे नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मनाचे दुखणे

मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा वेगळा नंबर आहे. ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि रात्रंदिवस चालते. झोप उडणे, सतत रडू येणे, जगावेसे न वाटणे, दारू सोडायची इच्छा असूनही न सुटणे, परीक्षेची धास्ती, कामावर किंवा वसतिगृहात जातीवरून झालेला अपमान मनात सलत राहणे, कशाहीबद्दल बोलता येते. आपण देवऋषी, अंगारे-धुपारे सोडले, हे चांगलेच केले. पण ते सोडून त्या जागी उपचार आले नाहीत, तर दुखणे तिथेच राहते.

विहारात एक तास

प्रत्येक घरात बीपीचे यंत्र असू शकत नाही. प्रत्येक आजीला अॅप चालवता येणार नाही. पण आपल्याकडे विहार आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याची विचारपूस करत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग त्यांनी संघाला बोलावून समज दिली की, तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तेव्हा एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच केली पाहिजे. उपदेश नंतर झाला, पाणी आधी आणले गेले.

मग आपण एवढे तरी करू. रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवायचा. महिला मंडळाने वर्गणीतून हाताला बांधायचे एक बीपीचे यंत्र, एक थर्मामीटर आणि एक वजनकाटा घ्यावा. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुला-मुलींनी आकडे मोजून प्रत्येकाच्या वहीत लिहून द्यावेत. ज्यांची गोळी आठ दिवसांत संपणार आहे, त्यांचे नाव काढून आठवड्यात फोन लावून द्यावा. नर्सिंगला शिकणारी एखादी मुलगी असेल तर फारच उत्तम. तीन पथ्ये मात्र पाळायची : मोजणाऱ्याने औषध सांगायचे नाही, कोणाचा आजार चौकात बोलायचा नाही, आणि वही ज्याची त्याच्याच घरी राहील.

फोन आला म्हणून दवाखाना जाऊ नये

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. फोनवर डॉक्टर भेटतो म्हणून वस्तीतला दवाखाना बंद पडला तरी चालेल, असे कोणी म्हणू लागले तर ते ऐकून घेऊ नका. फोन इंजेक्शन देत नाही, बाळंतपण करत नाही, टाके घालत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे औषध नसेल तर ते मागणे, डॉक्टर नसेल तर विचारणे हा आपला हक्क आहे.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी आपली चार लेकरे गमावली, हे आपण जाणतो. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. आईला त्या दिवसांत विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते स्वतः मधुमेहाने बेजार झाले, तरी राज्यघटनेचे काम त्यांनी त्याच शरीराने पार पाडले आणि डॉ. सविता आंबेडकर यांनी त्यांच्या औषध-पथ्याची काळजी वाहिली. आपल्या घरातल्या माणसाची गोळी चुकू न देणे, हेही त्यांच्याच वाटेवरचे काम आहे.

या आठवड्याचा अभ्यास

१. घरातल्या प्रत्येक चालू गोळीचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा वहीत उतरवा. पाकिटावर जसे आहे तसेच लिहा.
२. कोणती गोळी किती तारखेला संपणार, ते दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि त्याच्या आठ दिवस आधी फोन लावा.
३. १०८, १४४१६ आणि १९३० हे तीन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा. कशासाठी कोणता, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही पाठ असू द्या.
४. लकव्याच्या तीन खुणा आणि साडेचार तास, हे आज रात्री जेवताना घरात एकमेकांना विचारा.

गोळी संपण्याआधी फोन लावा. धोक्याची खूण दिसली, तर फोन बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

नमो बुद्धाय, जय भीम!